एम.ए. मानसशास्त्र आणि पैशांची जुळवाजुळव: बडोद्याच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बडोद्याची, घर दांडिया बाजारात. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली, गुण चांगले आहेत. बाबा मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर, वर्षाचं उत्पन्न सव्वापाच लाख. धाकटा भाऊ दहावीत. खुला प्रवर्ग. तिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं आहे. एका बाजूला सयाजीराव विद्यापीठातलं एम.ए., दुसऱ्या बाजूला बाहेरगावच्या एका खासगी विद्यापीठातलं एम.ए., ज्याचा फी आणि राहणं मिळून दोन वर्षांचा खर्च सहा लाख. ती विचारते, "शिष्यवृत्ती मिळेल का? कर्ज काढावं का? आई म्हणते, पाटल्या मोडू, पण शीक."

पाटल्यांचं शेवटी बोलू. आधी तुझ्या प्रश्नातला क्रम बदलायला हवा. 'एम.ए.साठी पैसे कुठून आणू' असं तू विचारते आहेस. पंचवीस वर्षं या क्षेत्रात काम करताना आणि मुलींचे अर्ज भरून देताना मी जे पाहिलं, त्यावरून सांगते की आपल्या विषयात पैसा सगळ्या पायऱ्यांवर सारखा नसतो. एम.ए.ला मदत थोडी मिळते, पण सरकारी विद्यापीठात खर्चही थोडाच. पीएच.डी.ला मदत भरपूर. मधली पायरी, म्हणजे क्लिनिकलचा परवाना मिळवून देणारं प्रशिक्षण, तिथे खर्च सगळ्यात जास्त आणि मदत सगळ्यात कमी. घरची कर्ज काढण्याची ताकद एकदाच वापरता येणार असेल, तर ती या मधल्या पायरीसाठी राखून ठेव. एम.ए.वर उधळू नकोस.

हे मी एका मुलीच्या अनुभवावरून सांगते. सातेक वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली तेव्हा तिचं एम.ए. पूर्ण झालं होतं. खासगी संस्थेत केलेलं, माहितीपत्रकावर 'क्लिनिकल' हा शब्द मोठ्या अक्षरात. सात लाखांचं कर्ज होतं. तिला वाटलं होतं की आता रुग्ण पाहता येतील. तसं नसतं. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं याची व्याख्या दिली आहे. ती भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या मान्यतेच्या पात्रतेशी किंवा दोन वर्षांच्या पूर्णवेळ, देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह केलेल्या एम.फिल.शी बांधलेली आहे. नुसत्या एम.ए.वर, मग नावात 'क्लिनिकल' असो वा नसो, ते नाव लावता येत नाही. पुढच्या प्रशिक्षणासाठी ती पुन्हा बँकेत गेली, तर पहिलंच कर्ज डोक्यावर असल्यामुळे दुसरं मिळेना. प्रवेश हातात होता, जागा सोडावी लागली. तिचा प्रवेशाचा कागद टेबलावर होता आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती, ते मला अजून आठवतं. म्हणून त्या खासगी विद्यापीठाला पहिला प्रश्न फीचा विचारू नकोस. 'हा अभ्यासक्रम आरसीआयमान्य आहे का, कोणत्या वर्षापर्यंत आणि किती जागांसाठी' हे विचार. उत्तर तोंडी घेऊ नकोस. मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते, तिथे स्वतः पाहून खात्री कर. मान्यता असेल तर त्या सहा लाखांचा अर्थच बदलतो आणि आपण वेगळं बोलू. नसेल तर तोच विषय सयाजीराव विद्यापीठात फारच कमी फीत, घरून डबा नेऊन शिकता येतो.

हेही लक्षात ठेव की हा सगळा रस्ता सध्या बदलतो आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांच्या एम.फिल.ला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५-२६ पर्यंत प्रवेशाची मुभा दिली होती. आरसीआयने नवे अभ्यासक्रमही आणले आहेत. तू एम.ए. संपवशील तेव्हा मधल्या पायरीचं नाव काय असेल, यापेक्षा त्या वर्षी कोणत्या पदवीवर परिषदेकडे नोंदणी होते हे महत्त्वाचं. पहिल्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी ते पाहत राहा.

आता दूरशिक्षणाबद्दल, कारण तुझे काका तो सल्ला देत आहेत असं तू लिहिलं आहेस. 'नोकरी करत करत बाहेरून एम.ए. कर, पैशाचा प्रश्नच मिटला.' पूर्वी अनेकांनी तसं केलं आणि त्यांचं चांगलं झालं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित विषय दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासूनच. हे विषय २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्याखाली येतात, हे त्यामागचं कारण. त्यामुळे आता कोणी घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी देतो म्हणालं तर एक रुपयाही भरू नकोस. काकांना राग येऊ न देता सांग की नियम बदलला आहे.

आता एम.ए.च्या दोन वर्षांत काय मिळू शकतं ते पाहू. तुझ्यासाठी सगळ्यात मोठी संधी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे. यूजीसीची 'नॅशनल स्कॉलरशिप फॉर पोस्ट ग्रॅज्युएट स्टडीज'. देशभरात दरवर्षी १०,००० विद्यार्थी निवडतात, दरमहा १५,००० रुपये, वर्षातले दहा महिने, आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत. म्हणजे वर्षाला दीड लाख. आपल्याकडच्या सरकारी विद्यापीठाची फी भरून पुस्तकं, मानसशास्त्रीय चाचण्यांचं साहित्य, परीक्षेच्या फिया, सगळं निघून वर हातात राहील. निवड पदवीच्या गुणांवर होते, वय तिशीच्या आत हवं, अभ्यासक्रम नियमित हवा आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा. दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही. इथेच मुली चुकतात. प्रवेशाची धावपळ, फ्रेशर्स पार्टी, नवे मित्र, आणि तेवढ्यात पोर्टल बंद. प्रवेशाची पावती हातात आली की त्याच आठवड्यात वन टाइम रजिस्ट्रेशन करून ठेव.

बाबांनी विचारलेल्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेचं, म्हणजे एमवायएसवायचं, उत्तर एका वाक्यात. ती डिप्लोमा आणि पदवीसाठी आहे, एम.ए.साठी नाही. तिच्या मागे वेळ घालवू नका. भावासाठी मात्र नाव लिहून ठेवा, दहावीनंतर डिप्लोमाला गेला किंवा बारावीनंतर पदवीला, तर गुणांची आणि सहा लाखांच्या उत्पन्नाची अट बघून अर्ज करता येईल.

तू खुल्या प्रवर्गातली आहेस, पण तुझ्या मैत्रिणीही हे वाचतील म्हणून लिहिते. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आणि गुजरातमध्ये अर्ज डिजिटल गुजरात पोर्टलवरून होतो. इथल्या मराठी घरांत एक गोंधळ नेहमी होतो. मावशी पुण्याला, आत्या नाशिकला, त्यांच्या मुलांना महाराष्ट्र सरकारची शिष्यवृत्ती मिळते, मग आपल्यालाही मिळेल असं वाटतं. मिळत नाही. आपली मातृभाषा मराठी असली तरी आपण गुजरातचे रहिवासी. महाडीबीटीवरच्या योजनांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो. जातीचा दाखलाही त्या त्या राज्याच्या यादीप्रमाणे चालतो, तिथल्या यादीतली जात इथे लागू होईलच असं नाही. आजोबा रत्नागिरीचे म्हणून तिथून दाखला काढून आणायचा आणि इथे लावायचा, असं करू नये. अर्ज फेटाळला जातो आणि वर्ष जातं.

खुल्या प्रवर्गातल्या घरांना गुजरात सरकारचं बिनअनामत, म्हणजे आरक्षण नसलेल्यांसाठीचं, निगम आहे, त्याची माहिती मराठी घरांत फार कमी असते. परदेशी शिकायला जाणाऱ्यांना ते ४ टक्के साध्या व्याजाने १५ लाखांपर्यंत कर्ज देतं, उत्पन्नाच्या आणि गुणांच्या अटीवर. तुला आज त्याचा उपयोग नाही, पण पुढे कधी बाहेर जायचं ठरलं तर पहिली चौकशी तिथे कर. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखलाही काढून ठेव. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या खाली आणि जमीन-मालमत्तेच्या अटीत बसत असाल, तर केंद्रीय संस्थांच्या प्रवेशात १० टक्के जागा आहेत आणि यूजीसी नेट या प्राध्यापकी आणि फेलोशिपच्या पात्रता परीक्षेच्या फीमध्येही सवलत मिळते.

कागदपत्रांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या अनुभवात शिष्यवृत्ती गुणांपेक्षा कागदांवर जास्त अडते. आणि आपल्या बडोद्याच्या मराठी घरांचं एक खास दुखणं आहे, ते म्हणजे नाव. तुझ्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधार कार्डावर नाव आधी. आईच्या आधारवर नावापुढे 'बेन' लागलंय, रेशन कार्डावर नाही. बाबांच्या एका कागदावर 'राव' आहे, एकावर 'भाई', एकावर काहीच नाही. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग शाळेने एक लिहिलं, पॅन कार्डाने दुसरं. घरातल्या सगळ्यांना माहीत असतं की माणूस एकच आहे, पण पोर्टल अक्षर न् अक्षर जुळवतं. म्हणून आजच सगळे कागद जमिनीवर पसरून बस. एका कागदावर तीन रकाने आख. कागदाचं नाव, त्यावर लिहिलेलं तुझं नाव, त्यावर लिहिलेलं बाबांचं नाव. जिथे फरक दिसेल तिथे खूण कर. आधारमधली दुरुस्ती आधी कर, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. छोट्या फरकाला सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, पुरतो, मोठ्या फरकाला राजपत्रात नाव जाहीर करावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. हे काम मे महिन्यातलं आहे, अर्जाच्या शेवटच्या आठवड्यातलं नाही. उत्पन्नाचा दाखला मामलतदारांचा हवा, जनसेवा केंद्रातून निघतो. बाबांची पगाराची स्लिप, फॉर्म १६ आणि दाखल्यावरचा आकडा यांत मेळ हवा.

दुसरी अडचण बँक खात्याची. माझी एक विद्यार्थिनी आठ महिने शिष्यवृत्तीची वाट पाहत होती. पोर्टलवर 'पैसे जमा' असं दिसत होतं, पासबुकात काही नाही. कचेरीत हेलपाटे, बँकेत हेलपाटे, रडकुंडीला आली. शेवटी आम्ही दोघींनी तिचे जुने कागद काढले, तर शाळेत सातवीत असताना उघडलेलं एक शून्य शिल्लक खातं निघालं. आधार त्या खात्याला जोडलेलं होतं. थेट लाभाचे, म्हणजे डीबीटीचे, पैसे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलं गेलं असेल त्या खात्यात जातात. सगळी रक्कम तिथे सुरक्षित पडून होती. तू बँकेत जाऊन विचार, 'माझं आधार डीबीटीसाठी कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे?' केवायसीसाठी आधार दिलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी जोडलेलं असणं वेगळं. काउंटरवरचा माणूस 'जोडलेलं आहे' म्हणाला तरी हा फरक स्पष्ट करून विचार.

आता कर्ज. 'राखून ठेव' म्हणाले, त्याचा हिशेब दाखवते, म्हणजे माझं म्हणणं पटेल. समज, त्या खासगी विद्यापीठासाठी सहा लाख काढले, पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला तीन आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तीन, व्याज १० टक्के. अभ्यासक्रमाची दोन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, साध्या दराने. पहिल्या तीन लाखांचं तीन वर्षांचं व्याज ९०,०००, दुसऱ्या तीन लाखांचं दोन वर्षांचं ६०,०००. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज साडेसात लाख झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ९,९०० रुपये. आणि परवाना नसलेल्या एम.ए.वाल्या मुलीला त्या दिवशी नोकरी मिळते ती शाळेत समुपदेशक म्हणून किंवा एखाद्या संस्थेत सहायक म्हणून. त्या पगारातून ९,९०० गेल्यावर पुढच्या प्रशिक्षणासाठी काय उरणार?

हेच कर्ज मान्यताप्राप्त क्लिनिकल प्रशिक्षणासाठी काढलंस तर गोष्ट वेगळी. संपल्यावर हातात परवाना असतो. तिथेही आधी सरकारी संस्थांचा प्रयत्न कर. बंगळूरचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी, दिल्लीचं इहबास, तेजपूरची संस्था. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कठीण, पण फी कमी आणि काही ठिकाणी दरमहा विद्यावेतनही मिळतं. मुली घाबरून अर्जच करत नाहीत आणि थेट खासगी संस्थेकडे वळतात. एका वर्षाची चांगली तयारी तुझे चार-पाच लाख वाचवू शकते, एवढं मनावर घे.

कर्ज काढायची वेळ आली तर काय विचारायचं, तेही आत्ताच सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. राष्ट्रीय क्रमवारीतल्या ठराविक उच्च शिक्षण संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ घेत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सूट. तुझं घर उत्पन्नाच्या अटीत बसतं. संस्था यादीत आहे की नाही ते पोर्टलवर संस्थेचं नाव टाकून पाहता येतं, आणि यादी दरवर्षी नव्याने होते, म्हणून प्रवेशाच्या वर्षीच पाहायचं. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ही योजना नाही. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना पूर्ण व्याजमाफीची जुनी योजनाही आहे, पण ती व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी, आणि तुझ्या घरचं उत्पन्न तिच्या वर जातं.

यादीबाहेरच्या संस्थेसाठी नेहमीचं शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंत बँका स्वतःचा हिस्सा मागत नाहीत आणि तारणही नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची पतहमी योजना आहे, तिच्याखाली तारण किंवा तिऱ्हाईत जामीन घ्यायचा नसतो. तरी शाखेत 'एलआयसीची पॉलिसी आणा, सोनं ठेवा' असं म्हणणारं कोणी ना कोणी भेटतंच. भांडू नका. 'पतहमी योजनेखाली अर्ज घ्या, आणि तारण हवं असेल तर तसं लेखी द्या,' एवढंच शांतपणे म्हणा. बाबा सहकर्जदार असतील, तेव्हा त्यांचा सिबिल स्कोअर आधी काढून पाहा. स्कूटरच्या कर्जाचा एखादा चुकलेला हप्ताही तिथे दिसतो. शिकत असताना दरमहा नुसतं व्याज भरत गेलीस तर बऱ्याच बँका दरात १ टक्का सवलत देतात, आणि वर हिशेबात दाखवलेला दीड लाखांचा फुगवटा होत नाही. नोकरी लागल्यावर व्याजाची रक्कम आयकरासाठीच्या उत्पन्नातून आठ वर्षं वजा करता येते, पण जुनी करपद्धत निवडली तरच.

खासगी ट्रस्टांचंही सांगते. नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतं. परदेशी जाणाऱ्यांसाठी के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती आणि १८९२ साली सुरू झालेली जे. एन. टाटा एंडाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती. या सगळ्यांना मुलाखत असते आणि मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा 'हा विषय का' याचं उत्तर वजनदार ठरतं. आपल्या ज्ञातीची मंडळं आणि शिक्षण-निधीही विसरू नकोस. रक्कम पाच-दहा हजारांची असते म्हणून लोक अर्ज करत नाहीत, पण तेवढ्यात नेटची फी आणि पुस्तकं निघतात. तिथे अर्ज हाताने लिहून, स्वतः जाऊन द्यावा. माणसं ओळखीची होतात.

शिष्यवृत्तीबरोबर येणारी बंधनं नीट वाच. आपल्या गावाला हे नव्याने सांगायला नको. १९१३ साली बडोदे संस्थानाने तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार. १९१७ मध्ये ते त्या नोकरीसाठी इथे आले तेव्हा या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. कमाटी बागेत ज्या झाडाखाली ते बसले, ती संकल्पभूमी तू पाहिली आहेस. शिष्यवृत्तीमुळे एक आयुष्य किती उंच जातं आणि करार पाळण्याची वेळ येते तेव्हा काय काय समोर उभं राहतं, दोन्ही त्या एका जागी आहे. आजही काही संस्था प्रवेश देताना बाँड घेतात, मध्येच सोडलं तर दंड असतो. सही करण्याआधी बाबांना आणि एखाद्या वकिलाला तो कागद दाखव.

आता पीएच.डी. आज ती तुला लांब वाटेल, पण तिचा पाया एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात घातला जातो. यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबरच्या सत्रात. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना बसता येतं. दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप, म्हणून ४२,०००, शिवाय घरभाडे भत्ता आणि वर्षाला आकस्मिक खर्चाची रक्कम. जेआरएफसाठी वयाची मर्यादा ३० आहे, पण स्त्रियांना पाच वर्षांची सूट आहे, ही गोष्ट लग्नानंतर परत शिकायला आलेल्या मुलींना कोणी सांगतच नाही. तू एकुलती एक नाहीस, पण तुझी जी मैत्रीण एकुलती एक मुलगी आहे, तिला सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिपबद्दल सांग. पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्या एकुलत्या मुलींसाठी ती आहे.

जेआरएफ हुकली तरी सगळं संपत नाही. गुजरात सरकारची 'शोध' योजना इथल्या विद्यापीठांत पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्यांना दोन वर्षं महिना १५,००० आणि वर्षाला २०,००० देते, दुसरी फेलोशिप घेत नसाल तर. आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, डॉक्टरल फेलोशिप महिना २०,००० ची आहे, मानसशास्त्र तिच्यात बसतं, आणि तिथे निवड तुझ्या संशोधन प्रस्तावावर होते. आणखी एक वाट म्हणजे गेट परीक्षा. २०२१ पासून तिच्यात मानविकी आणि सामाजिक शास्त्रांचा पेपर आहे, त्यात मानसशास्त्र हा एक विभाग आहे. आयआयटीतली पीएच.डी. त्यातून खुली होते. शेजारच्या आयआयटी गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्समध्ये एम.एससी.ही आहे, मेंदू आणि वर्तनाच्या प्रयोगांत रस असेल तर जरूर बघ.

फेलोशिप मिळाली की पैसा एक तारखेला येतो असं समजू नकोस. विद्यापीठाला दर महिन्याला पोर्टलवर हजेरीची खात्री करून द्यावी लागते, कागद विभागातून पुढे सरकायला वेळ लागतो, आणि पहिला हप्ता कित्येकदा काही महिन्यांनी, थकबाकीसकट येतो. तेवढ्या काळाचा खर्च बाजूला ठेवूनच पीएच.डी.त पाऊल टाक.

एम.ए. करताना थोडी कमाईही शक्य आहे, आणि ती आपल्या विषयातलीच कर. शाळांमध्ये विशेष गरजांच्या मुलांसोबत बसणारी शॅडो टीचर लागते, अर्धा दिवस काम. माझ्या एका विद्यार्थिनीने हे दोन वर्षं केलं. ऑटिझम असलेला एक सहा वर्षांचा मुलगा तिच्या ओढणीचं टोक धरूनच वर्गात शिरायचा. वर्षभराने एक दिवस त्याने दारातच टोक सोडलं आणि स्वतः जाऊन बाकावर बसला. ती संध्याकाळी माझ्याकडे आली आणि पाच मिनिटं काही बोलूच शकली नाही. निम्हान्सच्या मुलाखतीत तिला विचारलं गेलं ते याच कामाबद्दल. प्राध्यापकांच्या संशोधन प्रकल्पांतही क्षेत्रकार्याला मुलं-मुली लागतात, मानधन मिळतं आणि मुलाखत घ्यायला शिकता येतं. शिकवण्या घेऊ नकोस असं नाही, पण त्याच तासांत विषय शिकून पैसे मिळत असतील तर ते आधी.

परदेशाबद्दल दोनच ओळी, कारण तूही एकच ओळ विचारली आहेस. अमेरिकेत पीएच.डी.ला बहुतेक वेळा फीमाफी आणि विद्यावेतन मिळतं, मास्टर्सला क्वचित, आणि साय.डी. नावाच्या व्यावसायिक डॉक्टरेटला पीएच.डी.पेक्षा बरंच कमी. तिथलं मास्टर्स स्वतःच्या खर्चाने करून परत यायचं आणि इथे रुग्ण पाहायचे, असा बेत असेल तर त्या पदवीला आरसीआयची नोंदणी मिळेल का, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी लेखी विचारून घे.

आता आईच्या पाटल्या. आईला सांग, एम.ए.साठी त्या मोडायची गरज नाही. सयाजीराव विद्यापीठात प्रवेश घेतलास तर फी बाबांच्या पगारातून निघेल, आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती मिळाली तर त्या पगारालाही हात लावावा लागणार नाही. मधल्या पायरीला खासगी संस्थेतच जावं लागलं, तर आधी शैक्षणिक कर्ज, पतहमीखाली, तारणाशिवाय. त्यानेही पुरलं नाही तरच पाटल्या, आणि तेव्हाही मोडायच्या नाहीत, गहाण ठेवायच्या, म्हणजे सोडवता येतील. सोन्यावरचं कर्ज लवकर मिळतं, पण त्याला शिक्षण संपेपर्यंत थांबणारी मुदत नसते, व्याज लगेच सुरू आणि मुदत छोटी, म्हणून ते शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या हप्त्यापुरतंच वापरावं.

प्रवेशाच्या पावतीची, दहावी-बारावी-बी.ए.च्या गुणपत्रिकांची आणि तुमच्या तिघांच्या आधार कार्डांची झेरॉक्स घेऊन शनिवारी सकाळी ये. तो तीन रकान्यांचा कागद आधी भरून आण. नावांचं जिथे जुळत नसेल ते आधी निस्तरू, मग पोर्टल उघडू.